खडकीतील अपंग सैनिकांचे पुनर्वसन : सेवेचा मोबदला की नागरिकाचा हक्क?
पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी सैनिकांसाठी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल स्थापन झाले. पुढे ते पुण्यातील खडकी येथे आले. सैनिकाने धंदेशिक्षण घेऊन स्वतःची उपजीविका मिळवावी, हे त्याचे उद्दिष्ट होते. खडकीतच १९७४ साली मेरुरज्जूस इजा झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर निघाले. येथे शुश्रूषा दीर्घकाळाची. त्यामुळे स्वावलंबनाचा अर्थ बहुतांशी संस्थेच्या आवारातच शोधावा लागला. तथापि ही दोन्ही साहाय्ये लष्करी सेवेशी निगडित होती. कारखान्यात हात गमावलेल्या कामगारास १९२३ च्या कायद्याने भरपाई मिळे, पुनर्वसन नव्हे. नागरिक म्हणून अपंगांचे हक्क १९९५ च्या कायद्याने मान्य केले. समाजात राहण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत आला तो २०१६ च्या कायद्यात.