आरसी बुकातले वऱ्हाड

गुरुकुंज मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी महाराजांनी देह ठेवला ती ही वेळ. त्या क्षणी अमरावती–नागपूर महामार्गावरची वाहनेही थांबतात. मौन सुटले की इंजिने पुन्हा सुरू होतात, आणि ज्याला कान आहे त्याला त्या गलक्यातून एखाद्या जुन्या टू-स्ट्रोक गाडीचा आवाज वेगळा काढता येतो.

आजचा धागा अशा गाड्यांविषयी आहे. पंचवीस वर्षांची मुले हल्ली गोठ्यात नाहीतर पडवीत पडून राहिलेली राजदूत किंवा येझदी विकत घेतात आणि ती दुरुस्त करून चालवतात. हौस उत्तम आहे. पण आपण केवळ लोखंड घेत नाही, एक दस्तऐवजही घेत असतो, हे त्यांच्यापैकी थोड्यांच्याच लक्षात येते.

आरंभ कागदापासून करू. समजा, १९५० साली अमरावतीत नोंदलेली एक मोटारसायकल आहे. त्या वेळी अमरावती हा मध्य प्रदेशाचा जिल्हा होता. ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ या जुन्या प्रांताला हे नवे नाव नुकतेच मिळाले होते आणि राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. गाडी तिवसा–मोझरी रस्त्यावरून कधी हललीही नसेल, तरी दहा वर्षांत तिने तीन राज्ये पाहिली. पुढे १९८८च्या मोटार वाहन कायद्याची अंमलबजावणी १ जुलै १९८९ पासून सुरू झाली आणि आज आपल्या ओळखीची क्रमांकपद्धत आली. अमरावतीला एमएच-२७, अकोल्याला एमएच-३०. वाशीमचे एमएच-३७ तर आणखी नंतरचे, कारण तो जिल्हाच १९९८ साली अकोल्यातून वेगळा निघाला. म्हणून जुन्या गाडीवर तीन अक्षरांचा जुना क्रमांक दिसला, तर तो घासून काढू नका. तो तिच्या जन्मकाळाचा पुरावा आहे.

१९५० साली गाडी येणार कुठून? एक वाट लष्करी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर भारतात पडून राहिलेले लष्करी सामान सरकारने विकायला काढले. ट्रक आणि जीपसोबत ब्रिटिश मोटारसायकलीही त्यात होत्या: बीएसए, नॉर्टन, मॅचलेस, एरियल. लोक या मालाला सरसकट ‘डिस्पोजल’ म्हणत. बीएसएची एम-२० ही ५०० सीसीची साइड व्हॉल्व्ह गाडी युद्धकाळात सव्वा लाखाहून अधिक संख्येने बनली होती. वेग बेताचा, पण इंजिन इतके सोपे की गावच्या लोहारालाही त्याचा अंदाज यावा. आपल्याकडे जुन्या गाड्यांची पहिली मोठी बाजारपेठ उभी राहिली ती या युद्धाच्या उरल्यासुरल्यावर.

देशी कारखाने त्यानंतरचे. १९५५ साली, म्हणजे ‘ग्रामगीता’ आली त्याच वर्षी, मद्रासला एनफिल्ड इंडिया स्थापन झाली. (या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, सनावळी लक्षात ठेवायला मात्र बरे.) पूर्वी मुंबईत जावा गाड्या आयात करणाऱ्या इराणी कुटुंबाने म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना काढला आणि १९६१ पासून तेथे चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्यावर जावा बनू लागली. १९७३ पासून ती ‘येझदी’ झाली; हे नाव इराणातल्या यझ्द शहरावरून आले. तिचा गिअरचा दांडा हाच किकचाही दांडा असतो, ही गंमत नवख्या खरेदीदाराला पहिल्याच दिवशी कळते. तिसरी राजदूत. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल एम-११ या गाडीचा परवाना घेऊन ती साठच्या दशकाच्या प्रारंभी बाजारात आणली. १७३ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन, दणकट सांगाडा, मोठी चाके. काळ्या मातीच्या पांदणीत स्कूटरची लहान चाके रुततात, राजदूत निघून जाते. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन अडकवलेली राजदूत हे महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाचे कित्येक वर्षे नेहमीचे चित्र होते.

आता टंचाईविषयी. १९५१च्या उद्योग कायद्यानुसार किती गाड्या बनवायच्या, हे परवान्याने ठरत असे. स्कूटरच्या वाटपासाठी तर १९६० साली स्वतंत्र नियंत्रण आदेशच निघाला. बजाजच्या स्कूटरसाठीची प्रतीक्षा पुढे काही काळ दहा वर्षांच्या घरात गेली. याचा परिणाम आज चमत्कारिक वाटेल: वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या अधिकृत किमतीपेक्षा महाग विकली जाई, कारण तिच्या किमतीत वाचलेली वर्षेही मोजलेली असत. मोटारसायकलींची अवस्था इतकी बिकट नव्हती. पण ‘जुने म्हणजे स्वस्त’ हे आपले आजचे गणित त्या काळाला लावू नये. गाडी टाकून देणे ही कल्पनाच तेव्हा कुणाला परवडणारी नव्हती.

म्हणूनच मिस्त्री घडला. टू-स्ट्रोक इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. ते जळते, आणि त्याची काजळी पिस्टनच्या डोक्यावर व सायलेन्सरमध्ये साचते. मग गाडी ओढत नाही. सायलेन्सर उघडून जाळून साफ करणे हा पहिला उपाय. तेल कमी पडले तर पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होतो. तेव्हा सिलिंडर लेथवर नेऊन बोअर किंचित मोठा करायचा आणि त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा. असे मोजकेच वेळा करता येते, पुढे सिलिंडरची भिंत उरत नाही. जुनी गाडी घेताना ‘बोअर किती वेळा झाला आहे?’ हा प्रश्न रंगाआधी विचारावा. पिस्टनवर कोरलेला आकार पाहिला की गाडीचे निम्मे आयुष्य वाचता येते. ही विद्या पुस्तकांतून आलेली नाही. सुटे भाग मिळत नसत, म्हणून एका गाडीचा भाग दुसरीला बसवता बसवता ती हातात आली.

१९८५च्या आसपास जपानी सहकार्याच्या १०० सीसी गाड्या आल्या. हिरो होंडा फोर-स्ट्रोक होती, यामाहाची आरएक्स-१०० टू-स्ट्रोक. मग प्रदूषणाचे निकष कडक होत गेले. १९९६ साली आरएक्स-१०० थांबली आणि त्याच वर्षी म्हैसूरचा कारखानाही बंद पडला. तेव्हापासून या गाड्यांचे अनेक सुटे भाग म्हणजे पुण्याच्या जुन्या बाजारातील एखाद्या ढिगात काय सापडेल ते.

आता ज्याची कुणी फारशी फिकीर करत नाही त्या गोष्टीकडे येतो. आरसी बुकात एक नाव, गाडी तिसऱ्याच्या ताब्यात, आणि विकणारा म्हणतो, ‘टीटीओ फॉर्मवर सही आहे, नाव तुम्ही सावकाश करा.’ कायद्यानुसार विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचे असते. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असेच एक प्रकरण आले. गाडी हातोहात विकली गेली होती आणि पुढे अपघात झाला. नुकसानभरपाईचे दायित्व न्यायालयाने नोंदीतील मूळ मालकावर ठेवले. गावातल्या ज्या म्हाताऱ्या काकांनी गाडी कधीकाळी विकली आणि विसरूनही गेले, ते अजून मालकच असू शकतात. तेव्हा आधी परिवहन कार्यालयात जाऊन जुन्या वहीतली नोंद संगणकावर चढली आहे का, ते पाहावे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते, तेही झालेले असावे. सौदा त्यानंतर.

दुरुस्तीबाबत माझे मत बहुतेक हौशी मंडळींना रुचत नाही. ‘कारखान्यातून निघाली तशी’ हा ध्यास मला अर्धाच पटतो. २०२१च्या केंद्रीय नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकींसाठी ‘व्हिंटेज’ अशी स्वतंत्र नोंदणी आली. त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शनातल्या गाडीसाठी हे योग्यच आहे. पण मोझरीच्या परिसरातली राजदूत मुळात तशी राहिलीच नव्हती. तिला दुधाच्या कॅनसाठी लोखंडी कडे जोडलेले असते, मागच्या कॅरिअरला अँगल लावून तो रुंद केलेला असतो, सांगाड्यावर दोन जागी वेल्डिंग असते. हौशी माणूस ते सारे कापून भंगारात देतो आणि नवा क्रोम चढवतो. मग ती फरिदाबादची गाडी होते, वऱ्हाडची राहत नाही. त्या जोडकामाचे अन्यत्र कुठेही दप्तर नाही.

परिवहन कार्यालयाच्या फॉर्मवर चेसिस क्रमांकाचा ठसा लागतो. मिस्त्री सांगाड्यावरचा गंज पुसतो, कागदाची पट्टी धरतो, वरून पेन्सिल फिरवतो आणि आकडे उमटतात. शिलालेखाचा ठसा घेतात त्याचीच ही छोटी आवृत्ती. गाडी घ्याल तेव्हा त्याला दोन पट्ट्या काढायला सांगा. एक फॉर्मला लावा, दुसरी जुन्या आरसी बुकात ठेवा. आणि कॅरिअर कापण्याआधी त्याचे छायाचित्र काढून, ते कुणी व कशासाठी जोडले होते हे जुन्या मालकाला विचारून मागे लिहून ठेवा.