भोजनगृहाच्या फरशीवरील इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. परंतु माणूस लढाई क्वचित करतो. जेवतो मात्र रोज. म्हणून एखाद्या समाजाची खरी ओळख करून घ्यावयाची असेल, तर त्याच्या दरबारात जाण्यापूर्वी त्याच्या भोजनगृहात डोकावावे, असे आम्हांस वाटते.

इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले पाँपेई शहर या कामी फार उपयोगी पडते. तेथील सधन रोमन गृहस्थाच्या भोजनगृहास ‘ट्रिक्लिनियम’ म्हणत. तीन बाजूंस तीन मंचक, चौथी बाजू वाढप्यांसाठी मोकळी. दर मंचकावर तिघे, असे नऊ जण डाव्या कोपरावर रेलून उजव्या हाताने जेवीत. कोणी कोठे रेलावयाचे हेही ठरलेले असे. मधल्या मंचकावरील यजमानालगतची जागा मानाच्या पाहुण्याची. खोलीची घडणही या पंगतीला धरूनच होई. मंचकांखालची फरशी पुष्कळदा साधी आणि मधली तेवढी नक्षीदार, म्हणजे नजर पडेल तेथेच खर्च! एका घरात तर भिंतीवर पाहुण्यांसाठी नियमच रंगविलेले आढळले: परस्त्रीकडे वाईट नजरेने पाहू नये, भांडू नये, ते साधत नसेल तर आपल्या घरची वाट धरावी.

याहून नवलाची फरशी रोममध्ये १८३३ साली सापडली. ती आज व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. माशांचे काटे, फळांची देठे, अक्रोडाला तोंड लावणारा उंदीर, असे सारे खरकटे तीत रंगीत खड्यांनी हुबेहूब चितारले आहे. ही कल्पना मूळची पर्गमम येथील सोसस या कलावंताची, असे प्लिनीच्या लेखनावरून कळते.

या दूरच्या गोष्टींशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. पाँपेईतच १९३८ साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्या तेर आणि भोकरदन येथे मिळाल्या आहेत. ती एखाद्या लहानशा मेजाचा पाय असावी, असे काही अभ्यासक मानतात. तसे असेल, तर रोमन घराच्या शोभेला भारतीय कारागिराचाही हात लागला होता.

पण एक गोष्ट मनास बोचते. त्या फरशीवर खरकटे आहे, ते रोज झाडणारा गुलाम मात्र नाही. आणि आपण तरी काय करतो? जुन्या वाड्यांतील पाट, रांगोळी, समया यांचे वर्णन आपण कौतुकाने करतो. सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बायकांची आणि ज्यांना दाराबाहेरच वाढले जाई त्यांची आठवण काढीत नाही. भोजनगृहाचा इतिहास लिहावयाचा, तर पंगतीत बसलेल्यांबरोबर न बसलेल्यांचीही मोजदाद केली पाहिजे. एरवी तो इतिहास अर्धाच राहील.