कर्करोगावरील उपचार-चाचण्या आणि रुग्णाची संमती : महाराष्ट्राच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
आधुनिक वैद्यकाच्या इतिहासात औषधे शोधणाऱ्यांची नावे ठळकपणे नोंदविली गेली आहेत. ती औषधे ज्यांच्या शरीरावर तपासून पाहिली गेली, त्या माणसांची नोंद मात्र बहुधा केवळ आकड्यांत झालेली दिसते. कर्करोगाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. आज रुग्णालयात दिला जाणारा प्रत्येक प्रमाणित उपचार कधीकाळी चाचणीच्या अवस्थेत होता आणि त्या चाचणीत कोणीतरी सहभागी झाले होते. प्रस्तुत निबंधात कर्करोगावरील उपचार-चाचणी म्हणजे काय, ती कशी घडत आली आणि महाराष्ट्रात तिचा अनुभव काय आहे, याचा आढावा घेतला आहे. सहभागी व्यक्तीला चाचणी कितपत समजली, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. कळवणसारख्या आदिवासीबहुल तालुक्यातील अध्यापकवर्गासाठी तो दूरचा प्रश्न नाही. नाशिकच्या किंवा मुंबईच्या रुग्णालयातून आलेला कागद वाचून दाखविण्यासाठी गावातील माणूस अनेकदा शिक्षकाकडेच येतो.

उपचार-चाचणीचे स्वरूप :
उपचार-चाचणी म्हणजे एखादे औषध, शस्त्रक्रिया किंवा तपासणीची पद्धत उपयुक्त आहे की नाही, हे ठरावीक नियमांनुसार माणसांवर तपासून पाहणे होय. नव्या औषधाची परीक्षा सामान्यतः टप्प्याटप्प्याने होते. पहिल्या टप्प्यात थोड्या व्यक्तींवर औषधाची सुरक्षित मात्रा ठरविली जाते. इतर अनेक औषधांसाठी या टप्प्यावर निरोगी स्वयंसेवक घेतात, परंतु कर्करोगाची बहुतेक औषधे तीव्र असल्याने येथे रुग्णच सहभागी होतात. दुसऱ्या टप्प्यात औषधाचा रोगावर परिणाम होतो का, हे पाहिले जाते. तिसऱ्या टप्प्यात मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन नव्या उपचाराची प्रचलित उपचाराशी तुलना केली जाते. औषध बाजारात आल्यानंतरही त्याच्या परिणामांवर लक्ष ठेवले जाते, तो चौथा टप्पा होय.

तिसऱ्या टप्प्यात कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळेल, हे डॉक्टर ठरवीत नाहीत आणि रुग्णही ठरवीत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन उमेदवारांना समान मते पडली तर चिठ्ठी टाकून निकाल लावतात, तसाच हा प्रकार असतो. डॉक्टरांनी निवड केली तर धडधाकट रुग्ण एका गटात आणि खंगलेले दुसऱ्या गटात जाण्याचा संभव असतो व तुलना फसवी ठरते. ज्या गटाशी तुलना करावयाची, त्याला नियंत्रण गट म्हणतात. कर्करोगावर परिणामकारक उपचार उपलब्ध असताना नियंत्रण गटाला केवळ औषधासारखी दिसणारी निरुपयोगी गोळी देणे अनैतिक मानले जाते. त्या गटाला प्रचलित उपचार मिळावयास हवा.

ही चिठ्ठी न्याय्य ठरण्यासाठी एक अट आवश्यक आहे. दोन्ही उपचारांपैकी कोणता चांगला, हे खरोखरच कोणाला ठाऊक नसले पाहिजे. उत्तर आधीच ठाऊक असेल तर चिठ्ठी टाकणे म्हणजे अर्ध्या लोकांना जाणूनबुजून कमी प्रतीचा उपचार देणे होय.

जागतिक पार्श्वभूमी :
१७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातील शल्यचिकित्सकाने स्कर्व्ही झालेल्या खलाशांना वेगवेगळे उपचार देऊन तुलना केली व लिंबूवर्गीय फळांचा गुण दाखवून दिला. पुढे १९४८ मध्ये ब्रिटनमध्ये क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यादृच्छिक विभागणीवर आधारलेल्या आधुनिक चाचणीचा आरंभ सामान्यतः तेथून मानला जातो.

कर्करोगाच्या क्षेत्रात चाचणीचे महत्त्व स्तनाच्या कर्करोगाने पटवून दिले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉल्स्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबरच छातीचे स्नायू व काखेतील गाठीही काढून टाकीत. ही पद्धत अनेक दशके जवळजवळ निर्विवादपणे चालू राहिली. बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत १९७१ व १९७६ मध्ये सुरू केलेल्या चाचण्यांतून, तसेच इटलीतील समकालीन चाचण्यांतून, योग्य रुग्णांत कमी व्याप्तीच्या शस्त्रक्रियेनंतरही आयुर्मान तेवढेच राहते, असे सिद्ध झाले. असंख्य स्त्रियांनी दरम्यानच्या काळात सोसलेली हानी टाळता येण्याजोगी होती. चाचणी न करण्याचीही किंमत असते, हे यावरून लक्षात येते.

या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. नाझी छळछावण्यांतील प्रयोगांनंतर १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेने स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य मानली. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने हे तत्त्व वैद्यकीय संशोधनाला लागू केले. तरीही अमेरिकेतील टस्कीगी येथे कृष्णवर्णीय पुरुषांना उपदंशावरील उपचारांपासून वंचित ठेवणारा अभ्यास १९३२ पासून १९७२ पर्यंत चालूच होता.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका :
महाराष्ट्रात मानवी चाचणीचा इतिहास कर्करोगापूर्वीचा आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यानंतर वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा केली. लस उपयुक्त ठरली. मात्र कैद्याची स्वेच्छा कितपत स्वेच्छा मानावी, हा प्रश्न तेव्हापासूनच उभा आहे.

संमतीच्या कागदाकडे पाहण्याची ग्रामीण दृष्टीही इतिहासाने घडविली आहे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले. न वाचलेल्या, न समजलेल्या कागदावर अंगठा उठविल्याने जमीन जाते, हा अनुभव त्यामागे होता. त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने शेतकऱ्याचे दस्तऐवज ग्राम-निबंधकासमोर करण्याची तरतूद केली. अंगठा म्हणजे संमती नव्हे, हे तत्त्व या प्रदेशात वैद्यकीय नीतिशास्त्राच्या कितीतरी आधी कायद्याच्या विचारात आले होते.

कर्करोगाच्या संघटित उपचाराचा आरंभ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा मेमोरिअल रुग्णालयाच्या उद्घाटनाने झाला. १९६२ मध्ये हे रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आले. १९६३ मध्ये मुंबईत कर्करोग नोंदणी सुरू झाली, तर १९८७ मध्ये बार्शी येथे ग्रामीण कर्करोग नोंदणीची स्थापना झाली. ग्रामीण स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो, हे या नोंदींतून स्पष्ट झाले.

उस्मानाबाद व मुंबई येथील चाचण्या :
ऑक्टोबर १९९९ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात एक मोठी चाचणी सुरू झाली. बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, टाटा मेमोरिअल आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था तिच्यात सहभागी होत्या. गावांचे ५२ समूह करून चार गट पाडण्यात आले. ३० ते ५९ वयोगटातील एकूण १,३१,७४६ स्त्रियांचा तिच्यात समावेश होता. तीन गटांना अनुक्रमे एचपीव्ही या विषाणूची चाचणी, पॅप चाचणी (पेशीपरीक्षा) आणि सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली तपासणी यांपैकी एक तपासणी एकदाच देऊ करण्यात आली. ३१,४८८ स्त्रियांच्या चौथ्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे आठ वर्षांत नियंत्रण गटात या कर्करोगाने ६४, तर एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४ मृत्यू झाले होते. अन्य दोन तपासण्यांच्या गटांत मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून चाललेल्या दुसऱ्या चाचणीत सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. तेथे प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ॲसेटिक आम्लाची तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा केली. बारा वर्षांनंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत ३१ टक्के घट दिसून आली. भारत सरकारच्या २०१६ च्या कार्यआराखड्यात हीच स्वस्त तपासणी स्वीकारण्यात आली, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला प्राधान्य दिले. जगाच्या आरोग्यधोरणाला मराठी मुलखातील स्त्रियांनी दिलेले हे योगदान मोठे आहे.

परंतु या चाचण्यांवर गंभीर आक्षेपही घेण्यात आले. मुंबई, उस्मानाबाद व तमिळनाडूतील दिंडिगुल येथील चाचण्यांच्या तपासणीविना राहिलेल्या गटांत मिळून २५४ स्त्रियांचा या रोगाने मृत्यू झाला, असे आक्षेपकांनी दाखवून दिले. पॅप चाचणीची उपयुक्तता पाश्चात्त्य देशांत अनेक दशकांपासून ज्ञात असताना तपासणीविना गट ठेवणे योग्य होते काय, आणि अशी तपासणी अस्तित्वात आहे हे त्या स्त्रियांना पुरेसे सांगितले गेले होते काय, असे त्यांचे दोन प्रश्न होते. भारतात तशी सार्वत्रिक तपासणी उपलब्धच नव्हती, प्रयोगशाळा व तज्ज्ञ यांच्याअभावी ती ग्रामीण भागात राबविणे शक्य नव्हते आणि येथील परिस्थितीत काय चालेल हे अज्ञात होते, अशी संशोधकांची भूमिका होती.

या वादाचे दोन भाग वेगळे करून पाहिले पाहिजेत. चाचणी आवश्यक होती काय, याबाबत विद्वानांत मतभेद संभवतात आणि संशोधकांच्या युक्तिवादात तथ्य आहे. मात्र पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले, तरी दुसरा प्रश्न सुटत नाही. येथे चिठ्ठी गावाच्या समूहाची निघाली होती. एकेका स्त्रीला विचारणा झाली ती त्यानंतर. आपल्याला तपासणी का मिळत नाही आणि ती अन्यत्र कोठे मिळू शकेल, हे नियंत्रण गटातील स्त्रीला समजणे म्हणूनच अधिक निकडीचे होते.

मुखाच्या कर्करोगावरील चाचणी :
दुसरे उदाहरण या संदर्भात उद्बोधक ठरते. तोंडाच्या कर्करोगाच्या प्रारंभिक अवस्थेत मानेतील गाठी मूळ शस्त्रक्रियेबरोबरच काढाव्यात की रोग तेथे दिसल्यावर काढाव्यात, याबाबत शल्यचिकित्सकांत दीर्घकाळ मतभेद होते. टाटा मेमोरिअलमध्ये २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांचा समावेश करून चाचणी झाली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, गाठी आधीच काढलेल्या रुग्णांपैकी ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते, तर प्रतीक्षा केलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. येथेही एका गटाला हानी सोसावी लागली. तथापि दोन्ही पद्धती तेव्हा प्रचलित होत्या आणि उत्तर खरोखरच अज्ञात होते. तंबाखू व मिश्री यांचे व्यसन असलेल्या आपल्या समाजात या उत्तराचा लाभ असंख्य रुग्णांना होत आहे.

नियमांची वाटचाल :
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये नैतिकतेविषयी धोरणपत्रक काढले आणि २००० मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. २००७ मध्ये चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली व २००९ पासून औषध नियंत्रकांनी नोंदणी बंधनकारक केली. याच सुमारास आंध्र प्रदेशातील खम्मम व गुजरातमधील वडोदरा येथे मुलींना एचपीव्ही लस देण्याच्या प्रकल्पावरून वाद उद्भवला. तो २०१० मध्ये थांबविण्यात आला. वसतिगृहांतील मुलींच्या पालकांऐवजी अधीक्षक वा मुख्याध्यापक यांच्या सह्या घेतल्याबद्दल संसदीय समितीने २०१३ मध्ये तीव्र टीका केली. आश्रमशाळांचे जाळे असलेल्या कळवण प्रकल्पक्षेत्राला हे उदाहरण पुरेसे बोलके आहे.

२०१९ च्या नव्या औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनी सहभागी व्यक्तीचे हक्क स्पष्ट केले. माहिती तिला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. तिला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार उपस्थित हवा. संमतीपत्राची प्रत तिच्याकडे राहिली पाहिजे. कारण न देता केव्हाही माघार घेता येते आणि त्यामुळे नेहमीचा उपचार थांबत नाही. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व नियमांनुसार भरपाई मिळते. चाचणीला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीत वैद्यकक्षेत्राबाहेरील सामान्य व्यक्ती व कायदेतज्ज्ञ असणे आवश्यक आहे.

भाषेचा प्रश्न :
नियम झाले, तरी आकलनाचा प्रश्न उरतोच. मराठीत ‘चाचणी’ हा शब्द रक्ताच्या तपासणीलाही वापरतात, त्यामुळे उपचार-चाचणी ही एखादी साधी तपासणी आहे असा गैरसमज होतो. ‘प्रयोग’ म्हटले की रुग्ण घाबरतो. ‘यादृच्छिक’ हा शब्द अचूक असला तरी पदवीधरालाही अडतो, ‘चिठ्ठी टाकून’ हे मात्र सर्वांना कळते. कळवण तालुक्यात अनेकांची घरची भाषा अहिराणी, कोकणा किंवा भिल्ली आहे. त्यांच्यासाठी प्रमाण मराठीतील संमतीपत्र हेही एक भाषांतरच असते.

रुग्णाने विचारावयाचे प्रश्न मात्र मोजकेच आहेत. ही चाचणी कशासाठी आहे? मी सहभागी झालो नाही तर मला कोणता उपचार मिळेल? चिठ्ठीत दुसरा गट आला तर काय मिळेल? त्रास कोणते संभवतात? खर्च कोण करणार? रात्री-अपरात्री त्रास झाल्यास कोणाला कळवावयाचे? या प्रश्नांची उत्तरे रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सांगता आली, तरच संमती खरी मानता येईल.

निष्कर्ष :
चाचण्यांविना कर्करोगाचा उपचार परंपरेच्या व अंदाजाच्या आधारे चालतो आणि त्याची किंमत रुग्णच मोजतो. परंतु चाचणी शास्त्रदृष्ट्या निर्दोष असली तरी सहभागी व्यक्तीचे अज्ञान तिच्या नैतिकतेला बाध आणते. १८७९ च्या कायद्याने कर्जरोख्यासाठी जी खबरदारी आवश्यक मानली, तिच्याहून कमी खबरदारी स्वतःच्या शरीराविषयीच्या कागदासाठी पुरेशी मानता येणार नाही. कागद सोप्या भाषेत मांडणे, तो स्थानिक बोलीत समजावून देणे आणि निःपक्ष साक्षीदार म्हणून उभे राहणे ही कामे केवळ डॉक्टरांची नाहीत. ग्रामीण महाविद्यालयांतील भाषा व समाजशास्त्र विभागांना, तसेच राष्ट्रीय सेवा योजनेला, त्यात निश्चित वाटा उचलता येईल. उस्मानाबादच्या ३१,४८८ स्त्रिया इतिहासात नियंत्रण गट म्हणून नोंदल्या गेल्या. त्यांच्या वाट्याला आलेला प्रश्न पुढील पिढीतील स्त्रियांच्या वाट्याला उत्तराविना येऊ नये, हीच या इतिहासाची शिकवण आहे.