निजामी अमलातील शाळा : दोन अढ्या

'पेरिप्लस'मधील तगर, म्हणजेच संत गोरोबांचे तेर, सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात होते. या मुलखातील मराठी मुलास माध्यमिक शिक्षण उर्दूतून घ्यावे लागे. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही तेच. 1938 मध्ये वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांस काढून टाकण्यात आले, तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांपैकी अनेकांस प्रवेश दिला. हा अन्याय मुक्तिलढ्याच्या इतिहासात यथोचित नोंदला गेला आहे.

परंतु शाळेतील सारा दुजाभाव राज्यकर्त्यांच्या धर्मावर ढकलणे सोयीचे असले, तरी ते खरे नव्हे. ब्रिटिश अमलातील साताऱ्यात बालवयातील भीमराव आंबेडकरांस गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतल्याखेरीज पाणी मिळत नसे. तेथे निजाम नव्हता, उर्दूची सक्तीही नव्हती. वर्गात अंतर राखणारे बहुतांशी मराठीच बोलत. प्रस्तुत लेखकाच्या मते, मराठवाड्याच्या शालेय इतिहासात माध्यमाच्या प्रश्नाइतकाच बसण्याच्या जागेचा आणि पाण्याच्या भांड्याचा शोध घ्यावयास हवा. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय उघडले ते 1950 साली, निजामी सत्ता संपल्यानंतर; त्याची निकड मात्र त्या सत्तेबरोबर संपली नव्हती.