पागडीपासून नोंदणीपर्यंत

स्मरणिकेसाठी काही लिहा, असा कार्यवाह बाईंचा निरोप आला तेव्हा मी दिवाळीच्या फराळाच्या कृती देण्याचे ठरविले होते. परंतु यंदाच्या हळदीकुंकवास दोघी भगिनींनी मला बाजूस घेऊन घराच्या कागदांविषयी विचारले. एकीला घर विकावयाचे होते, दुसरीला घ्यावयाचे होते. दोघींचाही दलालावर भरवसा नव्हता आणि दलालावाचून चालतही नव्हते. तेव्हा वाटले, आपल्या मुंबईत घरे एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली, याची हकीकतच सांगावी. तीत थोडी माझीही आहे.

आपल्या पणज्यांच्या काळी मध्यमवर्गीय माणूस मुंबईत घर विकत घेत नसे. तो खोली भाड्याने घेई. १८९६ साली प्लेगची साथ आली. त्यानंतर १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, नवे रस्ते निघाले आणि पुढे दादर-माटुंग्याकडे वस्ती सरकली. तरीही बिऱ्हाड म्हणजे भाड्याचेच. खोली मिळे ती गाववाल्याच्या किंवा नातलगाच्या ओळखीने.

स्वतःच्या घराची वाट प्रथम सहकाराने दाखविली. १९१५ साली गावदेवीत सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी निघाली. श्रीपाद सुब्बराव तालमकी हे तिचे प्रवर्तक. भाडेकरूंनी एकत्र यावे, भांडवल जमवावे आणि आपणच आपले घरमालक व्हावे, अशी ही कल्पना. तीत मध्यस्थाला जागाच नव्हती. परंतु असा योग किती कुटुंबांना लाभणार?

दुसरे महायुद्ध आले आणि शहरात माणसांची दाटी झाली. भाडेकरूस संरक्षण मिळावे म्हणून १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा झाला आणि जुन्या जागांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. हेतू चांगला होता. पण भाडे वाढत नाही म्हटल्यावर मालकाने हात दुसरीकडून पुढे केला. खोली हवी तर आधी रोख रक्कम मोजा, ही झाली पागडी. ती घेणे कायद्याने गुन्हा होता, म्हणून तिची पावती नसे; आणि जेथे पावती नसते, तेथे मध्यस्थाचा शब्द हाच कागद होतो. दलालाचे दिवस खरे आले ते येथे.

आमच्या सासूबाईंच्या पाटल्या १९५२ साली अशाच गेल्या. गिरगावच्या चाळीत दोन खोल्या मिळाल्या, भाडेपावती मामंजींच्या नावे झाली. पाटल्यांचा उल्लेख कोणत्याच कागदावर नाही. सासूबाई मात्र दर सणाला रिकाम्या मनगटाकडे पाहून हसत आणि म्हणत, “माझ्या पाटल्या या भिंतींत आहेत.” तेव्हा मला ती थट्टा वाटे.

पुढे मालकीच्या सदनिकांचे युग आले. महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आला. १९६३ च्या कायद्याने बांधकाम करणाऱ्यावर लेखी करार करण्याचे आणि तो नोंदविण्याचे बंधन आले. १९७७ साली घरासाठी कर्ज देणारी एचडीएफसी संस्था निघाली. नोकरदाराला वाटू लागले की आपणही घर घेऊ शकू.

आम्हालाही तसेच वाटले. १९७९ साली आम्ही चाळीतील जागा सोडली. घरमालकाने आपला वाटा घेतला आणि उरलेली रक्कम घेऊन आम्ही डोंबिवलीस घर पाहू लागलो. एका दलालाने एक जागा दाखविली. भरपूर उजेड, दारात नळ. “आजच इसार दिला नाही तर उद्या जागा जाईल,” असे तो म्हणाला. आम्ही दिला. हाती आली ती एक साधी चिठ्ठी. महिन्याभराने कळले की तीच जागा त्याने आणखी एका कुटुंबास दाखवून त्यांच्याकडूनही इसार घेतला होता. वर्षभर हेलपाटे घातले. पैसे तुकड्या-तुकड्यांनी आले, पुरे कधीच आले नाहीत. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. तेच मला जास्त लागले.

परंतु सर्वच दलालांना एका मापाने मोजणे न्यायाचे नव्हे. आमचे घर अखेर झाले ते दुसऱ्या एका वृद्ध दलालामुळेच. ते गृहस्थ जिना चढण्यापूर्वीच म्हणाले, “वहिनी, आधी कागद पाहा, मग भिंती.” मालकी कोणाची, जागेवर बोजा आहे काय, नोंदणी झाली काय, हे त्यांनी आम्हास वकिलाकडून पाहावयास लावले. आपली दलाली किती, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. चांगल्या मध्यस्थाची ओळख मला तेव्हा पटली. तो घाई करीत नाही.

तो करार एकट्या यजमानांच्या नावे झाला. माझे नाव घालावे, असे कोणास सुचले नाही, मलाही नाही.

याचा हिशेब २०१८ साली झाला. यजमान वारल्यानंतर मी घर विकावयास काढले. सोसायटीत नामनिर्देशन माझे होते, म्हणून घर माझेच, अशी माझी समजूत. ती चुकीची होती. नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. मृत्युपत्र नसल्यास १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे माणसाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचा हिस्सा सारखा. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलीला जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि साऱ्या देशाने २००५ मध्ये दिला. कोणी सुचविले की मुलीकडून हक्कसोडपत्र घ्या, काम सोपे होईल. सांगावयास लाज वाटते, पण मीच तिला सही कर म्हणाले. ती सही करावयास तयार झाली. फक्त एवढेच म्हणाली, “आई, आजीच्या पाटल्या कोणत्या कागदावर आहेत?”

मी तो कागद फाडला. तिघांनी मिळून खरेदीखतावर सह्या केल्या आणि तीन हिस्से झाले.

त्या व्यवहारात मध्यस्थ एक तरुण मुलगी होती. तिने दलालीचा आकडा आधी लिहून दिला आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ती अखेरपर्यंत बसून राहिली. २०१६ च्या रेरा कायद्याने नव्या प्रकल्पांतील घरे विकणाऱ्या मध्यस्थास नोंदणी करावी लागते, आणि नोंदलेल्या कराराआधी बांधकाम करणाऱ्याला किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जुन्या घराच्या फेरविक्रीत मात्र हे कवच सहसा मिळत नाही. तेथे आपले डोळे हेच आपले कवच.

म्हणून भगिनींनो, इसार देण्यापूर्वी करार, भागपत्र, सूची क्रमांक दोन आणि सोसायटीचा ना-हरकत दाखला स्वतः पाहा. पैसे रोख न देता धनादेशाने किंवा बँकेतून द्या व पावती घ्या. आणि घरासाठी ज्या बाईचे सोने, पगार किंवा वर्षांची काटकसर गेली असेल, तिचे नाव कागदावर आहे ना, एवढे विचारण्यास संकोच करू नका.

हळदीकुंकवाच्या त्या दोघी आपापले कागद घेऊन पुढच्या बुधवारी माझ्याकडे येणार आहेत. आणखी कोणास यावयाचे असेल तर अवश्य यावे. चहा मी करीन. चष्मा मात्र आपापला आणावा.