डायनोसॉरच्या पायाखालचं गवत

मालवणच्या बंदरावर उभे राहा. समोर सिंधुदुर्ग किल्ला, मागे जांभ्याचे सडे. आता ६ कोटी ७० लाख वर्षं मागे या.

हा किनारा अजून घडलेलाच नाही. पश्चिमेला सेशेल्सची जमीन भारताला जोडलेली आहे. भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि उत्तरेकडे सरकतो आहे. पूर्वेला निघालात तर घाट चढावा लागणार नाही. ज्या लाव्हाचा सह्याद्री होणार, तो अजून जमिनीच्या पोटात आहे.

चालत राहा आणि आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याला थांबा. ऊन रणरणतंय. पुराने आणून टाकलेली तांबडी-हिरवी चिकणमाती वाळून भेगाळली आहे. उथळ डबक्यांत कासवं आणि गोगलगायी आहेत, काठावर ताडकुळातली झाडं. तेवढ्यात जमीन हादरते. लांब मानेचे टायटॅनोसॉर चरत येतात. त्यांच्यातल्या इसिसॉरसचा सांगाडा पुढे शेजारच्याच डोंगरगावात सापडणार आहे.

त्यांच्या तोंडाकडे पाहा. झाडपाल्याबरोबर ते गवतही ओरबाडत आहेत. मागे शेण पडतं, उन्हात वाळतं, पुराच्या गाळाखाली जातं. त्यावर पुढे लाव्हाचे थर चढतात. हा गाळ म्हणजेच लमेटा खडक.

कोट्यवधी वर्षांत वरचा दगड झिजला आणि ते शेण दगड होऊन पिसदुऱ्याच्या शेतांत उघडं पडलं. १९३९ मध्ये चार्ल्स मॅटली यांनी त्याचं वर्णन केलं. पण त्यातला खरा ठेवा २००५ मध्ये हाती आला. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना त्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले. गवत पसरलं ते डायनोसॉर संपल्यावर, असा तोवर समज होता. पिसदुऱ्याने तो मोडला. २०११ मध्ये तिथल्याच नमुन्यांत भाताच्या कुळातल्या गवताच्या खुणाही ओळखल्या गेल्या.

म्हणून अवाढव्य हाडांइतकाच मान या शेणगोळ्यांनाही द्यायला हवा. प्राणी किती मोठा होता, हे हाड सांगतं. तो कशावर जगला आणि भोवती काय उगवत होतं, हे त्याचं शेण सांगतं. पिसदुऱ्याच्या शेतात असा दगड दिसला तर तो खिशात घालू नका. कुठल्या थरातून आला हे कळलं, तरच तो बोलतो. आपल्या ताटातल्या भाताची वंशावळ अशाच दगडांत लिहिलेली आहे.