खर्जाचा आवाज : स्वच्छ आणि समर्थ

मैफल रंगांत आली असतां तंबोऱ्याकडे कोणाचें लक्ष नसतें. परंतु तो थांबला कीं गायकाच्या पायांखालची जमीन सरकल्यासारखी होते. पाश्चात्य वाद्यवृंदांत खर्जाचें वाद्य जें बास, त्याचीहि स्थिति अशीच आहे. त्याच्या अस्तित्वापेक्षां अभावच अधिक जाणवतो. हा खोल आवाज मोठा आणि तरीहि स्वच्छ कसा करावा, या प्रश्नानें विसाव्या शतकांतील कित्येक कारागिरांना झुंजविलें. त्या झुंजीची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे. कारण बाससाठीं लाउडस्पीकर निवडणाऱ्याला तींतून पुष्कळ शिकतां येतें.

प्रथम अडचण कोणती तें पाहूं. बासची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारें ४१ कंपनें करते. तिच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून अधिक भरते. लाउडस्पीकरचा कागदी शंकु पुढेंमागें हलून हवा ढकलतो, आणि त्यामुळें आपणांस आवाज ऐकूं येतो. तितक्याच जोराचा सूर एक सप्तक खालीं काढावयाचा झाल्यास त्या शंकूला चौपट अंतर हलावें लागतें. त्यांत मनुष्याचा कानहि खालच्या सुरांच्या बाबतींत मंद. म्हणून गिटारला पुरून उरणारा संच बासला अपुरा पडतो. त्याच्यावर अधिक ताण दिला कीं शंकूची धांव संपते, आणि गंभीर नादाऐवजीं फाटका घरघराट कानीं येतो.

आजच्या बहुतेक लाउडस्पीकरांचें मूळ अमेरिकेंतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांच्या १९२५ सालच्या कामांत सांपडतें. चुंबकाच्या क्षेत्रांत हलणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला शंकु जोडावा, ही त्यांची रचना होती. पुढें १९३० नंतरच्या दशकांत सिअ‍ॅटलच्या पॉल टटमार्क यांनीं विजेवर चालणारा बास बनविला, पण त्याचा प्रसार झाला नाहीं. नृत्यवृंदांतील बासवादक तुताऱ्यांच्या व नगाऱ्यांच्या गर्दींत बुडालेलाच राहिला.

न्यूयॉर्कचे एव्हरेट हल हे स्वतः बास वाजवीत. हें दुःख त्यांना चांगलें ठाऊक होतें. डबल बास ज्या खुंटीवर उभा राहतो, त्याच खुंटीला जोडून वाद्याच्या पोटांत मायक्रोफोन बसविण्याची युक्ति त्यांनीं १९४६ च्या सुमारास काढली. या खुंटीवरूनच त्यांच्या व्यवसायास ‘अ‍ॅम्पेग’ हें नांव मिळालें. वाद्याचा स्वभाव न बदलतां केवळ त्याचा आवाज वाढावा, हें हल यांचें ध्येय होतें. आवाज फाटणें हा त्यांच्या मतें दोषच होता.

इकडे कॅलिफोर्नियांत लिओ फेंडर यांनीं १९५१ सालीं भरीव लांकडाचा, गळ्यांत अडकविण्याजोगा विजेवरचा बास बाजारांत आणला. पुढच्याच वर्षीं त्याच्यासाठीं ‘बासमन’ नांवाचा अ‍ॅम्प्लिफायर आला. त्यांत आरंभीं १५ इंचांचा एकच लाउडस्पीकर होता. पुढें १० इंचांचे चार आले. मग एक मौजेची गोष्ट घडली. जोर दिला कीं हा संच ज्या तऱ्हेनें फाटे, ती तऱ्हा गिटारवादकांना अतिशय आवडली; आणि १९६२ सालीं लंडनमध्यें जिम मार्शल यांच्या दुकानांत बनलेला पहिला गिटार-अ‍ॅम्प्लिफायर याच बासमनच्या धर्तीवर होता. बासवादकाला नकोसा असलेला दोष गिटारवादकाचा अलंकार ठरला. बासवादकाची गरज मात्र तशीच राहिली.

ती भागविण्यासाठीं अ‍ॅम्पेगनें १९६० सालीं ‘पोर्टाफ्लेक्स’ आणला. शक्ति सुमारें २५ वॅटच, परंतु पेटी विचारपूर्वक घडविलेली. त्याचा मऊ, गोल नाद ध्वनिमुद्रणगृहांत फार मानला गेला. मोठ्या सभागृहांत मात्र तो पुरेना. तेव्हां १९६९ सालीं त्याच कंपनीचा ३०० वॅटचा, १४ व्हॉल्व्हांचा ‘एसव्हीटी’ आला. त्याच्या प्रत्येक पेटींत १० इंचांचे आठ लाउडस्पीकर होते. त्याच वर्षीं ‘रोलिंग स्टोन्स’ या वाद्यवृंदानें अमेरिकेच्या दौऱ्यांत अ‍ॅम्पेगचे संच वापरले.

पेटी घडविणें तोंवर बरेंचसें सुताराच्या अनुभवावर चाले. ऑस्ट्रेलियांत नेव्हिल थील यांनीं १९६१ सालीं, आणि रिचर्ड स्मॉल यांनीं पुढील दशकाच्या आरंभीं, लाउडस्पीकरचे गुणधर्म आंकड्यांत मांडून पेटीचा आकार गणितानें ठरविण्याचा मार्ग दाखविला. आज लहान पेट्यांतून खोल नाद निघतो, त्यामागें हें गणित आहे.

या इतिहासाचा बोध एवढाच कीं, शक्ति ही गोंगाटासाठीं नसून स्वच्छतेसाठीं आहे. तारेवर बोट पडतें त्या क्षणीं सरासरीच्या कितीतरी पट शक्ति लागते; ती शिलकेंत असली तरच आघात अखंड उमटतो. मात्र वॅटच्या आंकड्यानें भुलूं नये. वॅट दुप्पट केले तरी वाढ तीनच डेसिबलांची होते. तेवढीच वाढ अधिक कार्यक्षम लाउडस्पीकर निवडूनहि साधते.

डबल बासवाल्यानें आणखी एक सावधगिरी बाळगावी. त्याचें वाद्य पोकळ. लाउडस्पीकरचा आवाज तें पुन्हां पकडतें आणि घोंगावूं लागतें. त्यानें पेटी खोलीच्या कोपऱ्यांतून काढून वाद्यापासून दूर ठेवावी, आणि एखाद्याच सुराला फुगविणारी पेटी टाळावी. दोघांनींहि खरेदीपूर्वीं, जितक्या मोठ्यानें वाजवावयाचें तितक्याच मोठ्यानें, खालच्या तारेवरील एकेक सूर वाजवून पाहावा. आणि दुसऱ्याला वाजवावयास सांगून स्वतः दूर उभें राहून ऐकावें. प्रत्येक सूर सारख्या वजनाचा आला, आणि कोणता सूर लागला हें स्पष्ट कळलें, तर पेटी चांगली. नुसती छाती हादरली, पण सूर ओळखतां आला नाहीं, तर ती कितीहि मोठी असली तरी वृंदाला पाया देऊं शकणार नाहीं.